अंधारातली बेगमी

आमच्या मोहल्ल्यातले एक कुटुंब बरीच वर्षे नॉर्वेच्या उत्तर टोकाला राहते. तिथे उन्हाळ्यात सूर्य मावळत नाही आणि हिवाळ्यात उगवत नाही, ही गोष्ट आता मोहल्ल्यातल्या लहानथोर सगळ्यांना पाठ आहे. सूर्य मावळतच नसेल तर रोजा कधी सोडायचा, यावर आमच्याकडच्या बायकांनी कितीतरी दुपारी घालवल्या आहेत.

त्याच मोहल्ल्यातली एक मुलगी आमच्या नववीच्या वर्गात आहे. आम्ही प्रकाशसंश्लेषण शिकवत होतो. फळ्यावर पान काढले, सूर्य काढला, बाण काढले. मागच्या बाकावरून तिचा हात वर झाला. "टीचर, जिथे चार महिने सूर्यच उगवत नाही, तिथल्या समुद्रातली हिरवळ चार महिने उपाशी राहते का?"

घड्याळात तासाची पाच मिनिटे उरली होती आणि धडा अर्धा बाकी होता. आम्ही म्हणालो, "प्रकाश नाही तर अन्न नाही, अन्न नाही तर जीव नाही. मरते ती. लिहून घ्या." मुलींनी लिहून घेतले. तिनेही लिहिले. पण पेन्सिल खाली ठेवताना तिने आमच्याकडे जे पाहिले, ते घरी आल्यावरही डोक्यातून जाईना. हिरवळ दर हिवाळ्यात मरत असेल तर वसंतात पुन्हा येते कुठून? देवमासे कशासाठी जातात तिकडे? मुलीचा प्रश्न बरोबर होता आणि आमचे उत्तर चूक होते. पुढचे काही आठवडे त्या मुलीने वर्गात हात वर केला नाही. त्या आठवड्यांत आम्ही जे वाचले, ते या महिन्याच्या पानावर मांडत आहोत.

आधी ही हिरवळ म्हणजे काय ते पाहू. समुद्रात पाण्याबरोबर वाहणाऱ्या, सूक्ष्मदर्शकाशिवाय न दिसणाऱ्या एकपेशीय वनस्पतींना वनस्पती-प्लवक म्हणतात. त्यांना मूळ नाही, खोड नाही, पान नाही. एकच पेशी, आणि तिच्यात हरितद्रव्य. पण पृथ्वीवर जेवढे प्रकाशसंश्लेषण होते त्यातले जवळजवळ अर्धे हे जीव करतात. आपल्या श्वासातल्या प्राणवायूच्या हिशेबात जंगलांइतकाच यांचाही वाटा आहे.

ध्रुवांकडच्या समुद्रात यांच्यातली मोठी जमात आहे डायटमची. मराठीत त्यांना करंडक म्हणतात आणि नाव अगदी चपखल आहे. करंड्याला जसे खालचे भांडे आणि वरून बसणारे झाकण असते, तसे या पेशीचे काचेसारखे कवच दोन तुकड्यांचे, एकात एक बसणारे असते. ते सिलिकाचे असते. काच ज्यापासून बनते तोच पदार्थ.

या जीवांची ओळख माणसाला आधी रंगावरून झाली. इंग्लंडमधील देवमाशांचे शिकारी विल्यम स्कोर्सबी यांनी 1820 साली छापलेल्या पुस्तकात ग्रीनलंडजवळच्या समुद्राचे पाणी कुठे निळे तर कुठे गढूळ हिरवे असते आणि देवमासे त्या हिरव्या पाण्यात सापडतात, असे नोंदवले. पुढे 1839 ते 1843 या काळात जेम्स रॉस यांच्या जहाजांवरून दक्षिणेला गेलेले तरुण वनस्पतिशास्त्रज्ञ जोसेफ हूकर यांनी अंटार्क्टिकच्या बर्फावरचे तपकिरी डाग तपासले. ती माती नव्हती. ते करंडक होते. जिथे गवताचे पाते उगवत नाही तिथल्या सगळ्या प्राण्यांचे पोट शेवटी यांच्यावर चालते, हे हूकर यांनी तेव्हाच ओळखले होते.

तपकिरी का? इथूनच प्रकाशाची गोष्ट सुरू होते. सूर्याच्या प्रकाशातला तांबडा भाग समुद्राचे पाणी पहिल्या काही मीटरांतच शोषून घेते. खाली उरतो तो निळा आणि निळसर हिरवा. साधे हरितद्रव्य निळा घेते, पण हिरवट प्रकाश त्याच्या फारसा कामाचा नाही. म्हणून करंडकांनी हरितद्रव्याच्या जोडीला आणखी एक रंगद्रव्य ठेवले आहे, फ्युकोझँथिन. ते नेमका तो निळसर हिरवा प्रकाश पकडते आणि त्याची ऊर्जा हरितद्रव्याच्या हाती देते. या रंगद्रव्यामुळेच करंडक तपकिरी दिसतात.

आता ध्रुवाकडचे कॅलेंडर डोळ्यांसमोर आणा. नॉर्वेच्या ताब्यातील स्वालबार्ड बेटांवर 79 अंश उत्तरेला न्यू-ऑलेसुंड नावाची छोटी वस्ती आहे. आपल्या देशाचे 'हिमाद्री' हे संशोधन केंद्र 2008 पासून तिथेच आहे आणि त्याचा कारभार गोव्यात वास्को-द-गामा येथील राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्रातून चालतो. तिथे ऑक्टोबरच्या अखेरीस सूर्य क्षितिजाखाली जातो तो फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत वर येत नाही. मग उन्हाळ्यात चार महिने मावळत नाही. त्यात समुद्रावर बर्फ, बर्फावर भुसभुशीत हिम. हिमाचा थर जाड असेल तर वरच्या प्रकाशातला शंभरातला एक भागही खालच्या पाण्यापर्यंत पोहोचत नाही. म्हणजे या जीवांना एकाच वर्षात पूर्ण काळोख, मिणमिणता उजेड आणि चोवीस तासांचे ऊन, हे तिन्ही सोसायचे असतात.

मिणमिणत्या उजेडाची युक्ती आपल्या घरातही पाहता येते. खोलीच्या कोपऱ्यात ठेवलेल्या मनी प्लांटची पाने गडद हिरवी होतात. उन्हातल्या वेलाची त्या मानाने फिकट राहतात. कमी उजेडातले झाड प्रकाश पकडायचे जाळे वाढवते. ध्रुवीय प्लवक हेच करतात. उजेड कमी झाला की प्रत्येक पेशी आपल्यातले हरितद्रव्य आणि फ्युकोझँथिन कित्येक पटींनी वाढवते. हा बदल काही तासांत सुरू होतो आणि काही दिवसांत पुरा होतो. उजेड वाढला की तीच पेशी जाळे आवरते.

जाळे आवरायचे कशाला? मोठेच ठेवले तर काय बिघडले? याचे उत्तर आम्हांला स्वतःच्या चुकीतून मिळाले होते, फक्त तेव्हा कळले नव्हते. दोन वर्षांपूर्वी माजघरातली एक जुनी कुंडी आम्ही 'बिचारीला जरा ऊन मिळू दे' म्हणून मे महिन्यात एकदम गच्चीवर नेऊन ठेवली. पाणी रोज घातले. तरी आठवड्यात पाने पांढरी पडून करपली. अम्मी म्हणाल्या, "तिला हळूहळू न्यायचे होते, आधी ओसरीत, मग अंगणात." अम्मींना प्रकाशसंश्लेषण हा शब्द माहीत नाही, पण गोष्ट नेमकी तीच आहे. अंधारासाठी पसरलेल्या जाळ्यावर भर उन्हाचा मारा झाला की वापरता येणार नाही इतकी ऊर्जा आत येते आणि ती पेशीचीच मोडतोड करते.

थंड पाण्यात हा धोका आणखी वाढतो. समुद्राचे पाणी उणे 1.8 अंश सेल्सिअसला गोठते. हे जीव त्याच्या काठावर जगतात. प्रकाश पकडण्याचे काम थंडीने मंदावत नाही. पण पकडलेल्या ऊर्जेपासून साखर बनवण्याचे काम विकरे करतात, आणि थंडीत विकरांचा वेग फार कमी होतो. गिरणीचे उदाहरण घ्या. वरच्या तोंडात धान्य नेहमीच्या वेगाने ओतले जात आहे आणि खालचे जाते मात्र रेंगाळत फिरते आहे. धान्य सांडणारच. म्हणून जे ऊन आपल्याकडच्या समुद्रात सौम्य वाटेल, ते ध्रुवीय पेशीला जास्त होऊ शकते.

यावर ध्रुवीय करंडकांकडे दोन उपाय आहेत. एक, जात्यांची संख्या वाढवणे. साखर बनवण्याच्या पहिल्या पायरीवरचे विकर, रुबिस्को, हे पेशी फार मोठ्या प्रमाणात बनवून ठेवते. एकेक विकर हळू चालले तरी पुष्कळ मिळून काम निभते. दुसरा उपाय झडपेचा. करंडकांत डायडिनोझँथिन नावाचे एक रंगद्रव्य असते. ऊन वाढले की काही मिनिटांत त्याचे रूपांतर डायटोझँथिनमध्ये होते आणि हे दुसरे रूप जास्तीची ऊर्जा उष्णता करून सोडून देते. ढग आला, उजेड कमी झाला की पुन्हा पहिले रूप. समुद्रात लाटा आणि वारे पेशीला वरखाली फिरवत असतात. घटकेत उन्हात, घटकेत अंधारात. अशा जीवाला मिनिटांत उघडझाप करणारी झडप हवीच.

दक्षिणेच्या समुद्रात आणखी एक अडचण आहे, लोहाची. प्रकाश वापरणाऱ्या यंत्रणेत लोह लागते आणि अंटार्क्टिकभोवतीच्या पाण्यात ते फारच कमी आहे. शाळेत मुलींना दर आठवड्याला लोहाच्या गोळ्या वाटताना आम्हांला आता हे हमखास आठवते. तिथल्या प्लवकांना गोळ्या देणारे कोणी नाही. त्यामुळे उजेड कमी झाला तरी तिथल्या काही जाती लोह खाणारी नवी यंत्रे उभारत नाहीत. आहे त्याच यंत्राभोवतीचे रंगद्रव्यांचे जाळे मोठे करतात, कारण जाळ्याला लोह लागत नाही.

आता मुलीच्या प्रश्नाकडे वळू. पूर्ण अंधारात काय?

आमच्या कोकणात पावसाळ्याची बेगमी करायची पद्धत आहे. मे महिन्यातच तांदूळ, लाकूडफाटा, सुकी मासळी भरून ठेवायची; मग चार महिने दर्या खवळला तरी चूल चालते. ध्रुवीय करंडक उन्हाळ्यात अशीच बेगमी करतात. पेशीत चरबीचे थेंब साठवतात. अंधार झाला की खर्च कमालीचा कमी करतात: वाढ बंद, विभाजन बंद, श्वसन अगदी मंद. काही जाती जाड कवचाचे सुप्त बीजाणू बनून तळाशी जाऊन पडतात. काही बर्फातल्या खारट पाण्याच्या बारीक नळ्यांत अडकून राहतात. फ्रॅजिलारिऑप्सिस सिलिंड्रस नावाचा करंडक दोन्ही ध्रुवांकडे असा बर्फात राहतो. बर्फाचे स्फटिक वाढू न देणारी प्रथिने तो स्वतः बनवतो. त्याचा जनुकसंच 2017 साली प्रसिद्ध झाला.

आम्हांला सर्वांत नवल वाटले ते पुढच्या गोष्टीचे. इतकी काटकसर करताना ही पेशी प्रकाश पकडायची यंत्रणा मोडून खात नाही. ती तशीच जपून ठेवते. स्वालबार्डच्या फियॉर्डमध्ये ध्रुवीय रात्र चालू असताना संशोधकांनी पाणी काढले आणि त्यातल्या प्लवकांवर दिवा लावला. कित्येक आठवडे सूर्य न पाहिलेल्या त्या पेशींनी लगेच प्रकाशसंश्लेषण सुरू केले आणि सुमारे एका दिवसात नवी वाढही दिसली. म्हणजे चूल विझली होती, पण लाकडे रचून ठेवलेलीच होती.

मग किती उजेड आला की काम सुरू होते? 2019 च्या शरद ऋतूत 'पोलारस्टर्न' हे जर्मन संशोधन जहाज मुद्दाम उत्तर ध्रुवाजवळच्या बर्फात अडकवून घेतले गेले आणि जवळजवळ वर्षभर बर्फाबरोबर वाहत राहिले. या मोहिमेचे नाव मोझाइक. जर्मनीच्या आल्फ्रेड वेगेनर संस्थेतील क्लारा होप्पे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बर्फाखालचा प्रकाश आणि प्लवकांची वाढ यांची मोजदाद केली. 2024 साली त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. मार्चच्या अखेरीस, सूर्य नुकताच परतलेला, वर हिमाने झाकलेला जाड बर्फ, अशा वेळी खालच्या पाण्यात वाढ सुरू झाली होती. तिथला प्रकाश होता आपल्या भर दुपारच्या उन्हाच्या सुमारे पन्नास हजारांश. आपल्या डोळ्यांना तो काळोखच वाटला असता. प्रकाशसंश्लेषणाला कमीत कमी जेवढा प्रकाश लागेल असे गणिताने सांगितले जात होते, त्या सीमेच्या अगदी जवळची ही मोजणी आहे.

बर्फाखाली काही उगवत नाही, हा समज त्याआधीही एकदा मोडला होता. जुलै 2011 मध्ये अलास्का आणि सायबेरिया यांच्या मधल्या चुकची समुद्रात केविन ॲरिगो यांच्या नेतृत्वाखालील अमेरिकी पथक बर्फ फोडत चालले होते. सुमारे एक मीटर जाडीच्या बर्फाखाली त्यांना प्लवकांचा प्रचंड बहर सापडला. बर्फाच्या कडेपासून आत शंभर किलोमीटरहून अधिक तो पसरला होता. वरचे हिम वितळून बर्फावर पाण्याची डबकी साचली होती आणि त्या डबक्यांतून, खिडकीतून यावा तसा प्रकाश खाली उतरत होता.

इथे मोठ्यांनीही काळजी करावी अशी गोष्ट येते. प्रकाश लवकर पोहोचला तर चांगलेच नाही का, असे कोणी म्हणेल. उपग्रहांनी 1979 पासून आर्क्टिकचा बर्फ मोजला आहे; सप्टेंबर 2012 मध्ये तो सुमारे 34 लाख चौरस किलोमीटर इतका खाली आला होता, आजवरचा नीचांक. जुना जाड बर्फ जाऊन त्याच्या जागी एका हिवाळ्याचा पातळ बर्फ येत आहे. अन्न वाढेलही कदाचित, पण अन्न केव्हा मिळते यालाही तितकेच महत्त्व आहे. तिथे कॅलॅनस नावाचे कोळंबीच्या नात्यातले इवलेसे प्राणी आहेत. त्यांच्यातल्या एका जातीची मादी वसंतात बर्फाच्या पोटाला चिकटलेले शेवाळ खाऊन अंडी घालते, आणि पिल्ले खाण्याइतकी मोठी होईपर्यंत, साधारण दोन महिन्यांनी, बर्फ फुटून मोकळ्या पाण्यातला बहर येतो. आईचे जेवण आणि पिल्लांचे जेवण अशी दोन ताटे, मध्ये ठरलेले अंतर. बर्फ लवकर फुटला तर दुसरे ताट आधीच वाढले जाते आणि पिल्ले येईपर्यंत संपून जाते. कॅलॅनसवर ध्रुवीय कॉड मासा, त्याच्यावर सील, सीलवर पांढरे अस्वल. पन्नास हजारांश उजेडात जगायला शिकलेला जीव बदलत्या उजेडाशीही कदाचित जुळवून घेईल. पण त्याच्यावर जगणाऱ्यांचे घड्याळ तितक्या लवकर बदलेल याची खात्री नाही.

हे सगळे वाचताना आपल्या माणसांचीही गाठ पडली. भारताची पहिली अंटार्क्टिक मोहीम 6 डिसेंबर 1981 रोजी गोव्याहून निघाली आणि 9 जानेवारी 1982 रोजी त्या खंडावर उतरली. तिचे नेते होते डॉ. सय्यद जहूर कासिम. अलाहाबादचा जन्म, अलीगढला शिक्षण, पुढे गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे संचालक. ध्रुवाकडे जाण्याच्या कितीतरी आधी त्यांनी कोचीच्या खाडीत एक साधा प्रश्न हाती घेतला होता: पाण्यात प्रकाश किती खोल उतरतो आणि त्यावर तिथले प्लवक किती अन्न बनवतात? आणि 1983 च्या डिसेंबरात निघालेल्या तिसऱ्या मोहिमेत दोन स्त्रिया होत्या, अंटार्क्टिकला मोहिमेवर गेलेल्या पहिल्या भारतीय स्त्रिया. एक भूशास्त्रज्ञ सुदीप्ता सेनगुप्ता. दुसऱ्या नागपूरला जन्मलेल्या, पुणे विद्यापीठात शिकलेल्या अदिती पंत. त्यांचा अभ्यासाचा विषय होता समुद्रातल्या प्लवकांचे प्रकाशसंश्लेषण. आमच्या विद्यार्थिनीने विचारलेल्या प्रश्नाचा शेजारचाच प्रश्न.

मागच्या आठवड्यात आम्ही नववीच्या वर्गात गेलो आणि पुस्तक उघडण्याआधी म्हणालो, "त्या दिवशी तुम्हांला एक वाक्य लिहून घ्यायला सांगितले होते. ते खोडा. ते चूक होते." वर्ग गप्प झाला. शिक्षकाने असे सांगायची त्यांना सवय नाही. खरे तर आम्हांलाही नाही. मग फळ्यावर पुन्हा चित्र काढले, या वेळी सूर्याशिवाय. करंडा काढला, त्यात चरबीचे थेंब काढले. कासिमसाहेब आणि अदिती पंत यांची नावे लिहिली. तास संपायला आला तेव्हा मागच्या बाकावरून हात वर झाला.

"टीचर, आणि अंधार चारऐवजी आठ महिने राहिला तर? बेगमी पुरेल का?"

आम्ही म्हणालो, "माहीत नाही. शोधू." ती हसून खाली बसली.

घरी करून पाहा: मुलांनो, मनी प्लांटच्या सारख्या दोन फांद्या दोन बाटल्यांत पाणी घालून लावा. एक खिडकीजवळ ठेवा, दुसरी खोलीच्या आतल्या कोपऱ्यात. दोन महिन्यांनी नवीन आलेली पाने शेजारी ठेवून रंग आणि रुंदी पाहा आणि वहीत लिहा. मग कोपऱ्यातली बाटली खिडकीपाशी आणा, पण अम्मींनी सांगितले तसे, हळूहळू.